कात्री लागलेला खलनायक

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज मी तुम्हाला एका खलनायकाची गोष्ट सांगणार आहे. हा खलनायक आपल्याकडचा नाही. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच्या एका जर्मन मूकपटातला आहे. पण त्याच्यावरून आम्हा मित्रांत जे भांडण लागलं ते सांगलीत लागलं, चहाच्या गाड्यावर लागलं, आणि आज आम्ही सगळे पन्नाशी ओलांडून बसलो तरी ते मिटलेलं नाही.

१९९० साल होतं. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आम्ही चार-पाच मुलांनी हौस म्हणून सिनेमे दाखवायला सुरुवात केली होती. महिन्यातून एकदा कुठून तरी सोळा मिलिमीटरची एखादी प्रत यायची. एक हॉल, भिंतीवर ताणलेली पांढरी चादर आणि भाड्यानं आणलेला प्रोजेक्टर, एवढाच आमचा संसार. प्रोजेक्टर चालवायला एक काका यायचे. उभी हयात त्यांनी तंबू टॉकीजमध्ये काढलेली. आम्ही त्यांना ऑपरेटरकाका म्हणायचो. फिल्म उड्या मारायला लागली की काका तिच्या कडेला बोट टेकवून उभे राहायचे. त्या बोटाकडे आपण नंतर पुन्हा येऊ.

त्या महिन्यात आला ‘मेट्रोपोलिस’. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग. लेखिका त्याची बायको, थेआ फॉन हार्बू. १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये हा चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला. तुमच्यापैकी ज्यांनी ‘स्टार वॉर्स’मधला तो सोनेरी यंत्रमानव पाहिला असेल, त्यांनी या सिनेमातल्या यंत्रपुतळीचा नातूच पाहिला आहे असं समजा. नंतरच्या कितीतरी विज्ञानपटांची नाळ इथं पुरलेली आहे.

गोष्ट अशी. भविष्यातलं एक अवाढव्य शहर. वर उंच इमारती, बागा, श्रीमंतांची मुलं. खाली जमिनीच्या पोटात यंत्रं, आणि त्याच्याही खाली मजुरांची वस्ती. शहराचा मालक फ्रेडरसन. त्याचा एकुलता मुलगा फ्रेडर. आणि खाली मजुरांना धीर देणारी मारिया. ती सांगते, चिडू नका, डोकं आणि हात यांच्यामध्ये कुणीतरी हृदय होऊन उभा राहील, त्याची वाट बघा.

या झगमगाटी शहराच्या मधोमध एक जुनाट, वाकडंतिकडं, बुटकं घर उरलेलं आहे. त्यात राहतो शास्त्रज्ञ रोटवांग. हाच आपला खलनायक. विस्कटलेले पांढरे केस, एक हात गेलेला, त्या जागी काळा कृत्रिम हात. त्यानं धातूची एक बाई बनवली आहे. मालक त्याला हुकूम देतो, या पुतळीला मारियाचा चेहरा दे. खरी मारिया पकडून ठेव. खोटी मारिया मजुरांत सोड आणि त्यांचा मारियावरचा विश्वास मोडून काढ. रोटवांग तसं करतो. खोटी मारिया मजुरांना भडकवते. मजूर यंत्रं फोडतात. यंत्रं फुटल्यावर पाणी चढतं आणि त्यांचीच वस्ती बुडायला लागते. त्या वस्तीत त्यांची मुलं असतात.

सिनेमा संपला. आम्ही चहाच्या गाड्यावर आलो आणि वाद सुरू झाला. प्रश्न साधा होता. रोटवांगनं हे का केलं?

आमच्यातला एक पुढं वकील झाला. तो तेव्हाही वकिलासारखाच बोलायचा. त्याचं म्हणणं, खरा खलनायक मालक आहे. हुकूम त्याचा, फायदा त्याचा. रोटवांग म्हणजे नुसता भाडोत्री कारागीर. दुसरा पुढं शाळामास्तर झाला. तो म्हणाला, छे, भाडोत्री असता तर शेवटी मारियाच्या मागे देवळाच्या छपरापर्यंत धावला कशाला असता? हा वेडाच आहे. सिनेमातले शास्त्रज्ञ असतातच वेडे. मी कविता करायला लागलो होतो. त्यामुळे मी म्हणालो, त्याला आपल्या पुतळीचा मोह पडला असणार. त्यावर दोघंही हसले.

ऑपरेटरकाका बशीत चहा ओतून फुंकर मारत होते. ते म्हणाले, “पोरांनो, ह्यात रीळ कमी हाय. माणूस असा उगंच येडा होत नसतोय. कुणीतरी कात्री लावलीया.”

आम्ही विचारलं, काका, तुम्हाला कसं कळलं? ते म्हणाले, “आमीबी कापलीत की. शेवटची एसटी चुकाय नको म्हणून गाणी कापलीत, भांडणं कापलीत. कापलेलं लगेच कळतंय. माणूस दारातनं आत येतोय आणि येण्याचं कारन बाहेरच ऱ्हातंय.”

आम्ही ते फार मनावर घेतलं नाही. काका शिकलेले नव्हते आणि आम्ही बी.ए. करत होतो.

हा झाला खलनायकाचा भाग. आता जुळ्या चेहऱ्यांचा. डबल रोल आपल्याला नवा नाही. ‘राम और श्याम’ आणि ‘सीता और गीता’ आपण पाहिले. तिथं चेहरे सारखे असतात त्यातून गंमत होते आणि शेवटी दोन्ही भावंडं भेटतात. ‘मेट्रोपोलिस’मध्ये दोन्ही मारिया ब्रिगिट हेल्म या नटीनंच केल्या आहेत. हा तिचा पहिलाच मोठा चित्रपट. खरी मारिया शांत. खोटी मारिया चालते झटक्यानं, मान वाकडी करते, एक डोळा अर्धा मिटून बघते. बघणाऱ्याला पहिल्या मिनिटाला फरक कळतो. पण पडद्यावरच्या मजुरांना कळत नाही. का कळत नाही, यावरही आमचा वाद झाला. मास्तर म्हणाला, ही कथेतली ढिलाई आहे. एवढा फरक कुणाला दिसणार नाही का?

मला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. आज देतो. ज्याला भडकायचंच असतं, तो चेहरा बघतो, चालणं बघत नाही.

पुढं काय होतं ते ऐका. पाणी चढल्यावर मजुरांचा मुकादम त्यांना विचारतो, तुमची मुलं कुठं आहेत? तेव्हा कुठं त्यांना मुलांची आठवण होते. मुलं बुडाली असं समजून ते पिसाळतात आणि त्या चेटकिणीला जाळायला निघतात. वाटेत त्यांना जी सापडते ती खरी मारिया. जिनं त्याच वेळी पाण्यात उभं राहून त्यांची मुलं वाचवली, तिच्याच मागे ते धावतात. ती जिवाच्या आकांतानं पळते. केवळ योगायोगानं समोरून खोटी मारिया नाचत येते, गर्दी तिला धरते आणि खरी सुटते. योगायोग नसता तर? हा प्रश्न मी त्या रात्री घरी जाताना स्वतःला विचारला. कुणी दुसऱ्यानं तुमचा चेहरा लावून काही केलं, त्याची शिक्षा तुम्हाला. हे मला विज्ञानकथेसारखं वाटलंच नाही.

आपल्या पुराणातही अशी एक प्रतिकृती आहे. शाळेत आमच्या मराठीच्या बाईंनी ती गोष्ट सांगितली होती. सूर्याची बायको संज्ञा. तिला सूर्याचं तेज सोसेना. तिनं आपल्यासारखीच दिसणारी छाया घरात ठेवली आणि ती निघून गेली. सूर्याला कळलं नाही. एवढा सगळ्या जगाला उजेड देणारा देव, पण बायको बदललेली त्याला दिसली नाही. संशय आला तो मुलांमुळं. छाया स्वतःच्या मुलांना जवळ घ्यायची आणि संज्ञेच्या मुलांना दूर ठेवायची. म्हणजे खरी कोण आणि खोटी कोण, याची परीक्षा चेहऱ्यावर होत नाही. मुलांशी कोण कसं वागतं, यावर होते. बर्लिनच्या सिनेमातही तेच झालं. खोट्या मारियाला मुलांचं काही नव्हतं. खरी पाण्यात उभी होती.

आता काकांच्या कात्रीकडे येतो.

२००८ च्या जुलैमध्ये बातमी आली. दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिनाची राजधानी ब्युनॉस आयर्स. तिथल्या सिनेमाच्या संग्रहालयात ‘मेट्रोपोलिस’ची जवळजवळ पूर्ण प्रत सापडली. शोधणारी माणसं दोन. संग्रहालयाच्या संचालक पाउला फेलिक्स-दिदिएर आणि सिनेमाचे अभ्यासक फर्नांडो पेन्या. आणि सुगावा कसा लागला असेल? एका फिल्म क्लबच्या जुन्या माणसाची आठवण होती की, ‘मेट्रोपोलिस’ दाखवताना फिल्म उड्या मारत होती, म्हणून तिच्यावर दोन तासांहून अधिक वेळ बोट दाबून उभं राहावं लागलं. पेन्यांनी विचार केला, जगात सगळीकडं फिरतो तो सिनेमा तर एवढा लांब नाही. मग याचं बोट एवढा वेळ कशाला दुखलं?

हे वाचलं तेव्हा मला आमचे काका आठवले. ते तोवर गेले होते.

मूळ सिनेमा अडीच तासांचा होता. बर्लिनच्या त्या पहिल्या खेळांनंतर काही महिन्यांत त्याला कात्री लागली. अमेरिकेत दाखवण्यासाठी चॅनिंग पोलॉक या नाटककारानं तो कापून नव्यानं जुळवला. नंतर जर्मनीतही कापलेलीच आवृत्ती फिरली. जवळजवळ पाव सिनेमा गेला. कागदपत्रांवरून आणि हार्बूबाईंच्या कादंबरीवरून काय गेलं असेल ते अभ्यासकांना ठाऊक होतं. पण तिकीट काढून बसणाऱ्याला नव्हतं. आमच्यासारख्याला तर नव्हतंच. ब्युनॉस आयर्सच्या प्रतीवरून तो सिनेमा पुन्हा जोडला गेला आणि १२ फेब्रुवारी २०१० रोजी बर्लिनमध्ये दाखवला गेला. सुमारे पंचवीस मिनिटं परत आली. त्या भागावर इतके ओरखडे आहेत की पावसातून बघतोय असं वाटतं. पण दिसतं.

आणि काय दिसतं? एक बाई. बाई म्हणजे बाईचा दगडी पुतळा. तिचं नाव हेल. रोटवांगचं तिच्यावर प्रेम होतं. तिनं लग्न केलं मालकाशी, फ्रेडरसनशी. मुलगा फ्रेडर झाला आणि बाळंतपणात ती गेली. रोटवांगनं घरात तिचं स्मारक उभारलं, पडद्याआड झाकून ठेवलं. ती धातूची पुतळी त्यानं कशासाठी केली होती? हेल परत यावी म्हणून. तिच्यापायी त्याचा हात गेला होता. आणि ज्यानं हेल नेली तोच मालक त्याला सांगतो, हिला मारियाचा चेहरा दे. रोटवांग हो म्हणतो. पण मनात ठरवतो, याच पुतळीच्या हातून याचं शहर आणि याचा मुलगा दोन्ही संपवायचं. शेवटी मारियाच्या मागे तो धावतो, कारण भ्रमिष्ट झाल्यावर त्याला तिच्यात हेल दिसते.

कारण बाहेरच राहिलं होतं. काका म्हणाले होते तसं.

हेल का कापली गेली? पोलॉकचं कारण असं की, हेल हे नाव इंग्रजीतल्या नरकाच्या शब्दासारखं ऐकू येतं. प्रेक्षक हसतील. वास्तविक हेल हे उत्तर युरोपच्या पुराणकथांतल्या मृतांच्या राज्याच्या राणीचं नाव. पण ते कुणाला समजावत बसणार? त्यापेक्षा बाईच काढून टाकलेली बरी. एक नाव कानाला भलतंच लागलं, म्हणून एका माणसाचं दुःख गेलं. दुःख गेलं म्हणून त्याचा हेतू गेला. आणि हेतू गेला तेव्हा उरला तो नुसता वेडा, हिडीस, काळ्या हाताचा खलनायक.

नावाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आपल्या मराठी विज्ञानकथेतही नाव लपवण्याची एक गोष्ट आहे, पण ती उलटी आहे. १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावानं. आपली आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती. परीक्षकांनी नाव बघून नाही, कथा बघून निर्णय द्यावा, एवढाच हेतू. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. तिथं नाव झाकल्यामुळं कथा दिसली. इथं नाव कापल्यामुळं कथा गेली. फरक असा की, नारळीकरांनी स्वतःचं नाव स्वतः झाकलं होतं. हेलला कुणी विचारलं नव्हतं.

मीही एकदा नाव झाकलं आहे. सुरुवातीला एका ज्येष्ठ, भल्या माणसानं सल्ला दिला, एखादं टोपणनाव घ्या, म्हणजे वाचक नावात अडकत नाहीत. मी विहिरीवरची एक कविता टोपणनावानं पाठवली. छापून आली. लोकांनी तिला ग्रामीण कविता म्हटलं. वर्षभरानं तसलीच दुसरी कविता माझ्या नावानं छापली. तेव्हा पत्रं आली की, या कवितेत अल्पसंख्य समाजाची घुसमट व्यक्त झाली आहे. श्रोतेहो, विहीर तीच होती. आमच्या शेजारच्या मळ्यातली. तिच्यात पाणी होतं, बेडूक होते. घुसमट असली तर ती बेडकांची असेल. त्यानंतर मी टोपणनाव सोडलं.

असो. पूर्ण ‘मेट्रोपोलिस’ची डीव्हीडी हाती आली तेव्हा आम्ही तिघं मित्र माझ्या घरी जमलो. मला वाटलं, आता वाद मिटेल. कारण तर कळलं. पण वाद दुप्पट झाला.

मास्तर म्हणाला, मी माझं म्हणणं मागं घेतो. हा वेडा नाही, दुखावलेला आहे. आपण एखाद्याला वेडा म्हटलं की कारण विचारायची आपली जबाबदारी संपते. मी वर्गात मुलांच्या बाबतीत हेच करत आलो.

वकील म्हणाला, थांब. माझ्या मते तो आता जास्त दोषी ठरतो. वेडा असता तर सूट मिळाली असती. हेतू सिद्ध झाला की आमच्याकडं शिक्षा वाढते, कमी होत नाही. त्याचं भांडण एका माणसाशी होतं. बुडणार होती मजुरांची मुलं. त्यांनी कुठली हेल पळवली होती?

आणि माझी मुलगी, ती तेव्हा शाळेत होती, दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “अब्बा, पण हेलला काय हवं होतं? तुम्ही सगळे तिला पळवली, नेली, गमावली असंच म्हणताय. तिनं स्वतःच ठरवलं असेल की.”

आम्ही तिघं गप्प झालो. वीस वर्षं आम्ही रोटवांगची बाजू मांडत होतो, मालकाची बाजू मांडत होतो. जिच्यावरून हे सगळं झालं, तिचा नुसता दगड बघितला. कापलेला भाग सापडला तरी त्यातही कुणीतरी कापलेलं असतंच.

ज्या माणसांनी हा सिनेमा केला, त्यांचीही अशीच गुंतागुंत आहे. रोटवांगची भूमिका करणारा नट रुडॉल्फ क्लाइन-रोगे हा लेखिका हार्बूबाईंचा पहिला नवरा. त्याच्यापासून वेगळ्या होऊन त्यांनी दिग्दर्शक लांगशी लग्न केलं होतं. म्हणजे जिची बाई दुसऱ्यानं नेली अशा माणसाचं काम तो करत होता, संवाद लिहिणारी ती बाई होती आणि सूचना देणारा तो दुसरा होता. सेटवर त्यांच्या मनात काय चालत असेल, यावर चाहते आजही तर्क करतात. मी करणार नाही.

हार्बूबाईंचं पुढचं आयुष्य मात्र आपल्या दारापर्यंत येतं. १९३३ मध्ये त्यांचा आणि लांगचा घटस्फोट झाला. त्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. लांगची आई जन्मानं ज्यू. लांगनं जर्मनी सोडली. हार्बूबाई राहिल्या आणि नाझी पक्षाच्या सदस्य झाल्या. आणि याच बाईंनी गुपचूप लग्न केलं ते आयी तेंडुलकर या मराठी माणसाशी. बेळगावजवळच्या बेळगुंदीचा हा माणूस, बर्लिनमध्ये शिकायला आणि पत्रकारितेला गेलेला, त्यांच्याहून कितीतरी वर्षांनी लहान. युद्धाआधी तेंडुलकर परत आले. इथं त्यांचा संसार झाला, स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगवास झाला. त्यांच्या कन्या लक्ष्मी धौल यांनी २०१३ साली या सगळ्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. हार्बूबाई नंतर म्हणत की, पक्षात गेले ती जर्मनीतल्या हिंदी माणसांना मदत करता यावी म्हणून. काहींना ते पटतं, काहींना पटत नाही. रोटवांगच्या चित्रणातही त्या काळच्या ज्यूविरोधी प्रतिमेची सावली आहे असं काही अभ्यासक म्हणतात, काही तसं मानत नाहीत. जिनं डोकं आणि हात यांच्यामध्ये हृदय हवं असं लिहिलं, ती त्या पक्षात कशी गेली? मला हे सुटलेलं नाही. तिच्या हेतूचं रीळ कुठल्या संग्रहालयात सापडणार?

आता शेवटची एक गोष्ट. ती माझी आहे.

१९९४ साली नोकरीसाठी परगावी गेलो. खोली शोधत होतो. एसटीडी बूथवरून एका घरमालकांना फोन केला. ते फार मोकळेपणानं बोलले. कविता करतो म्हटल्यावर खूश झाले. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन दारात गेलो आणि पूर्ण नाव सांगितलं. ते काही क्षण बघत राहिले. म्हणाले, “तुम्ही फोनवर तसे वाटला नाहीत.” मग म्हणाले, आमच्या भावाचा मुलगा यायचाय राहायला. त्यांच्या मिसेस आतून पाणी घेऊन आल्या. मी पाणी प्यालो आणि निघालो.

म्हणजे माझ्या आधी माझी एक प्रतिकृती त्या घरात जाऊन आली होती. तिनं तिथं काय केलं होतं कोण जाणे. चेहरा माझा, नाव माझं, पण चालणारा मी नव्हतो. मी मनात त्या माणसाला रोटवांग करून टाकलं. काळ्या हाताचा. पुढं कितीतरी वर्षं मी तो किस्सा मित्रांत सांगत असे आणि लोक हळहळत.

मग एकदा त्या गावचा जुना सहकारी भेटला. बोलता बोलता त्याच घराचा विषय निघाला. तो म्हणाला, त्या माणसाची एकच मुलगी. तिनं घरातून निघून जाऊन लग्न केलं. जावयाचं नाव तुझ्यासारखंच. तू गेलास त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. नंतर सहा वर्षं त्या माणसानं मुलीचं तोंड बघितलं नाही.

माझी एवढी वर्षांची गोष्ट एका वाक्यात बदलली. मला त्या मिसेसचं पाणी आठवलं. पेला देताना त्या माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत होत्या. तो अपमान नव्हता, हे मला आता कळलं. त्या बहुधा कुणाचा तरी अंदाज घेत होत्या.

वकील मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, म्हणून काय त्याचं बरोबर झालं? नाही झालं. त्याचं दुःख खरं होतं. मला खोली मिळाली नाही, हेही खरं होतं. त्याचं भांडण ज्याच्याशी होतं तो मी नव्हतो. आणि त्या मुलीला काय हवं होतं, हे त्यानंही विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. कारण कळल्यानं चूक पुसली जात नाही. पण कारण कळल्यावर त्या माणसाचा हात मला पुन्हा माणसाच्या हातासारखा दिसायला लागला. माझ्यापुरता एवढा फरक पडला.

श्रोतेहो, ‘मेट्रोपोलिस’ आजही पूर्ण नाही. दोन छोटे तुकडे अजून सापडलेले नाहीत. त्यातला एक कुठला असेल? रोटवांग आणि मालक समोरासमोर येतात, मारामारी होते आणि त्या गडबडीत मारिया निसटते, तो. म्हणजे दोघांमधलं खरं भांडणच अजून गायब आहे. तिथं पडद्यावर नुसती अक्षरं येतात आणि आपण वाचून पुढं जातो. आमच्या तिघांच्या वादाची सोय त्यामुळं कायमची झाली आहे.

सिनेमाच्या शेवटी मालक आणि मुकादम हात मिळवतात. लोकांना तो शेवट आवडत नाही, फार सोपा वाटतो. मलाही वाटतो. माझ्या लक्षात राहिला आहे तो त्याच्या आधीचा मुकादमाचा प्रश्न. गर्दी जाळायला निघण्याआधी, कुठला चेहरा खरा आणि कुठला खोटा हे ठरवण्याआधी, आपली मुलं कुठं आहेत, हे बघून यावं. सूर्याच्या घरातही तेवढ्यावरूनच कळलं होतं.

आणि एखादा माणूस फारच काळा दिसायला लागला, तर काकांसारखं एकदा म्हणून बघावं, ह्यात रीळ कमी हाय.